सहावी ते आठवीचा प्रकल्प : उत्तर मुलाला स्वतः मिळवता आले पाहिजे

सहामाही परीक्षा जवळ आली की शाळेतून प्रकल्पाचा विषय घरी येतो आणि साजगाव, खोपोली, खालापूर, कर्जत या पट्ट्यातल्या बहुतेक घरांत पहिली विचारणा होते ती ‘हे आणायचं कुठून?’ अशी. मग स्टेशनरीच्या दुकानातून छापील चित्रे आणि तयार तक्ते येतात, झेरॉक्सच्या दुकानात मोबाइलवरून चार पाने छापून मिळतात, आई रात्री बसून मथळे रंगवते आणि मूल ते वर्गात वाचून दाखवते. पालकांच्या शंका दरवर्षी त्याच असतात. विषय कोणता घ्यावा, किती पाने लिहावीत, इंटरनेटवरून उतरवले तर चालेल का, मूल वर्गात उभे राहून बोलायला घाबरते त्याचे काय करावे, आणि या सगळ्याला गुण तरी किती असतात. या शंकांची उत्तरे वेगवेगळी वाटली तरी ती एकाच कसोटीवर ठरतात. प्रकल्पात जे विचारले आहे त्याचे उत्तर तुमच्या मुलाला स्वतः मोजून, पाहून किंवा माणसांना विचारून मिळवता येईल का? येत असेल तर विषय योग्य आहे, खर्च कमी आहे आणि वर्गात बोलण्याची भीतीही निम्मी झाली आहे. येत नसेल तर कितीही देखणे तक्ते लावले तरी मुलाच्या हाती काही लागत नाही.

आधी नियम काय आहे ते समजून घ्या

राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. तिच्यात वर्षभर चालणारे आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटचे संकलित मूल्यमापन असे दोन भाग झाले. त्या शासन निर्णयाने आकारिक भागाचा भार सहावीला ५० टक्के आणि सातवी-आठवीला ४० टक्के ठेवला. प्रकल्प हे या आकारिक भागातल्या आठ साधनांपैकी एक. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, चाचणी, स्वाध्याय ही त्याची भावंडे आहेत. तुमच्या शाळेत यंदा कोणत्या विषयाला प्रकल्पासाठी किती गुण ठेवले आहेत, हे वर्गशिक्षकांना विचारून घ्या. ते विचारण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. उत्तर कळले की घरातली धावपळ आपोआप कमी होते, कारण एका प्रकल्पावर वर्ष अवलंबून नसते.

याच पद्धतीत शिक्षकांनी मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या असतात. छापील चित्रे चिकटवलेल्या वहीवरून ‘प्रकल्प नीटनेटका केला’ यापलीकडे नोंद होऊ शकत नाही. मुलाने सात विहिरींची पाणीपातळी दोन महिने दर रविवारी मोजली असेल, तर शिक्षकांकडे लिहायला खरेच काही असते. शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम २९ सुद्धा कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकवावे असे सांगते. स्वतः केलेल्या कामाची अपेक्षा ठेवणे ही कोणा एका हौशी शिक्षकाची लहर नाही, ते कायद्यातच लिहिलेले आहे.

विषयाचा प्रश्न कसा करायचा

शाळा बहुधा विषय देते : जलप्रदूषण, आपला परिसर, पिके, ऐतिहासिक स्थळे. विषयावर निबंध होतो, शोध होत नाही. शोध सुरू व्हायला प्रश्न लागतो, आणि त्या प्रश्नात जागा, काळ आणि मोजायची किंवा विचारायची गोष्ट असावी लागते. ‘पाण्याचे महत्त्व’ यावर मूल उतारे उतरवील. ‘आमच्या पाड्यातली कोणती विहीर एप्रिलमध्ये सगळ्यांत आधी तळ गाठते?’ असे विचारले की त्याला दोरी, दगड आणि वही घेऊन उठावे लागेल, अर्थात मोठ्या माणसाला सोबत घेऊन.

खालापूर आणि कर्जत या आपल्या दोन तालुक्यांत असे प्रश्न पावलोपावली आहेत. भात घ्या. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ अशा जाती तयार झाल्या. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी चिखलणी आणि लावणी न करता गादीवाफ्यावर भात टोकण्याची एसआरटी पद्धत विकसित केली. एवढी माहिती पुस्तकातून मिळते आणि तिथेच थांबली तर तो निबंध होतो. पण गावात एका शेतात राब भाजून, लावणी करून घेतलेले भात आणि दुसऱ्या शेतात टोकलेले भात शेजारी-शेजारी उभे असेल, तर आठवीच्या मुलीला प्रत्येक शेतातले दहा चूड निवडून त्यांचे फुटवे मोजता येतील. यात तिला दोन अडचणी येतील आणि खरे शिक्षण त्या अडचणींतच आहे. पहिली : चूड निवडायचे कसे? डोळ्यांत भरणारे निवडले तर उत्तर आधीच ठरल्यासारखे होते. म्हणून बांधावरून आत शिरून दर दहा पावलांवर जो चूड येईल तो मोजायचा, बारीक असला तरी. दुसरी : दोन शेतांतली जात वेगळी किंवा पेरणीचा आठवडा वेगळा असेल, तर फरक पद्धतीमुळे पडला की जातीमुळे, हे सांगता येणार नाही. तसे असेल तर ते वहीत लिहायचे. एवढी अट तिला स्वतःहून सुचली तर ती विज्ञान शिकली असे खुशाल समजा.

पावसाचे तसेच. सरळ भिंतीचे, सपाट तळाचे कोणतेही भांडे उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजली तर तो पर्जन्यमापक झाला. भांड्याचे तोंड लहान की मोठे याने फरक पडत नाही, फक्त भिंती सरळ हव्यात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे कळल्यावर मूल स्वतःच्या घराच्या पत्र्यावरून एका दिवसात किती पाणी वाहून गेले याचा हिशेब मांडू शकते. आपल्याकडे जुलैत तो आकडा घरच्यांनाही चकित करतो.

साजगावची यात्रा : एक पूर्ण उदाहरण

साजगावची विठोबाची यात्रा कार्तिकी एकादशीला सुरू होते आणि ती सुक्या मासळीच्या बाजारासाठी सगळ्या भागात ओळखली जाते. मुलांच्या शोधासाठी यापेक्षा सोयीची जागा या पट्ट्यात क्वचितच सापडेल. विक्रेते एका ठिकाणी बसलेले असतात, बोलायला तयार असतात आणि विषयात भूगोल, गणित, इतिहास, अर्थव्यवहार सगळे येते. यात्रा दिवाळीनंतर लगेच येते, म्हणून तयारी सुट्टीतच व्हायला हवी.

• सुट्टी लागण्यापूर्वी प्रश्न पक्का करा. उदाहरणार्थ : ‘यात्रेत सुकी मासळी कोणकोणत्या गावांतून येते आणि तिथून साजगावपर्यंत ती कशी पोहोचते?’
• सुट्टीत पाच-सहा प्रश्नांची यादी करा आणि ती आधी घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या दुकानदाराला विचारून पाहा. कोणता प्रश्न समजत नाही ते लगेच कळते.
• यात्रेत दुपारच्या निवांत वेळी जा. संध्याकाळच्या गर्दीत विक्रेत्याला थांबवून प्रश्न विचारू नयेत.
• पंधरा-वीस जणांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा आणि उत्तर तिथेच लिहा. घरी जाऊन आठवून लिहिलेले उत्तर बदललेले असते.
• पुढच्या आठवड्यात नोंदींचा तक्ता करा, मगच लिहायला बसा.

भावाचा प्रश्न घेतलात तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोणी किलोवर देते, कोणी वाट्यावर. बोंबील, जवळा आणि सोडे यांचे वाटे सारखे नसतात. दोन विक्रेत्यांचे भाव तुलनेला घ्यायचे तर वाटा घरी आणून वजनकाट्यावर घालावा लागेल, नाहीतर तुलना वाट्याची वाट्याशीच ठेवावी लागेल. अनेक प्रकल्प इथे गडबडतात आणि शिक्षकांच्या ते लक्षात येते.

या विठोबाला लोक ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. त्याचे कारण कोणी बाजारातल्या बोंबलांशी जोडते, तर कोणी संत तुकाराम व्यापारासाठी इकडे आल्याची आणि पैसे बुडाल्यावर बोंब उठल्याची आख्यायिका सांगते. मुलाने हा प्रश्न घेतला तर खरे कारण शोधून काढण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका. कोणी काय सांगितले, सांगणाऱ्याचे वय आणि गाव कोणते, त्याने ते कोणाकडून ऐकले, इतके नोंदवले की काम झाले. वयस्कर माणसे एक सांगतात आणि तरुण दुसरे, असे निघाले तर तो त्याचा स्वतःचा निष्कर्ष झाला. आख्यायिका घडलेली घटना म्हणून लिहायची नाही, आणि खोटी म्हणून उडवूनही लावायची नाही. ‘असे सांगितले जाते’ हे दोन-तीन शब्द वापरायला सातवीत शिकलेले मूल पुढे इतिहास नीट वाचते.

पुस्तक, इंटरनेट आणि मोबाइलमधला एआय

इंटरनेट बंद करा असे म्हणण्यात अर्थ नाही. त्याची जागा ठरवून द्या. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतले पाणी मोठ्या नळांतून घाट उतरून तिथे येते आणि वीज तयार झाल्यावर पाताळगंगेला मिळते. ही पार्श्वभूमी मुलाला मोजून कळणार नाही, ती वाचूनच घ्यावी लागेल. ती घ्यावी, चार ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहावी आणि कुठून घेतली ते खाली नमूद करावे. उंबरखिंडीचेही तसेच. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेला खालापूर तालुक्यातल्या या खिंडीत कोंडीत पकडले, हे पुस्तकातून येईल. पण वाट अरुंद होती म्हणजे किती, तिथे किती माणसे शेजारी-शेजारी चालू शकतील, हे मुले आज जाऊन पावलांनी मोजू शकतात. साडेतीनशे वर्षांत वाट बदललेली असणार, हेही त्यांनी लिहायचे. वाचलेले आणि पाहिलेले असे दोन भाग वेगळे दिसले की प्रकल्प प्रामाणिक होतो.

एआयकडून लिहून घेतलेल्या परिच्छेदाला एक साधी कसोटी लावा. प्रत्येक वाक्याला मुलाला विचारा, ‘हे तुला कसं कळलं?’ उत्तर देता आले तर वाक्य ठेवा, नाहीतर काढा. शब्दलेखन तपासायला किंवा प्रश्नांची यादी सुधारायला ही साधने कामाची आहेत. मात्र साजगावच्या यात्रेत कोणत्या गावचे विक्रेते बसले होते हे त्यांना माहीत असणे शक्य नाही, आणि तरीही ती आत्मविश्वासाने काहीतरी सांगतील. मुलाच्या हातात स्वतःची वही असेल तर ते अशा उत्तराला फसत नाही.

‘पण देखण्या प्रकल्पालाच गुण मिळतात’

ही तक्रार खोटी नाही. वर्गात चाळीस-पन्नास मुले असली की शिक्षकांची नजर आधी सजावटीवर जाते. त्यावर उपाय सजावट वाढवणे हा नव्हे, काम नजरेत येईल असे मांडणे हा आहे. वहीच्या पहिल्याच पानावर ‘प्रश्न’, ‘कसे केले’, ‘किती ठिकाणी, किती दिवस’ आणि ‘काय आढळले’ अशा चार नोंदी ठेवा. शिक्षकांना अर्ध्या मिनिटात कळते की मूल खरेच गावभर फिरले आहे. कच्ची वही, खाडाखोडीसकट, सोबत जोडा. थर्मोकोल आणू नका. सजावटीच्या थर्मोकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि प्रकल्पाला त्याची गरजही नसते.

दुसरा आक्षेप पालकांच्या वेळेचा आणि शिक्षणाचा असतो. दोघेही कंपनीत शिफ्टला जातात, किंवा स्वतः चौथी-पाचवीच्या पुढे शिकलेले नाहीत, मग मुलाला मदत कोण करणार? नेमका हाच आक्षेप घराजवळच्या प्रश्नाच्या बाजूने जातो. ‘सूर्यमाला’ या विषयात न शिकलेल्या आजीला काही सांगता येत नाही. पण पहिल्या पावसानंतर शेवळं कुठे उगवतात, ती खाजू नयेत म्हणून त्यांत काकडं का घालतात, टाकळा केव्हापर्यंत कोवळा असतो, याची जाणकार तीच आहे. ठाकूर आणि कातकरी वाड्यांतल्या मुलांना तर घरातच असे ज्ञान मिळालेले असते, आणि वर्गात तीच मुले गप्प बसतात, कारण प्रकल्पाचे विषय दुसऱ्याच जगातले असतात. रानभाज्यांच्या नोंदीत अशा मुलाला गटाचा प्रमुख करा. फक्त ओळख पटल्याशिवाय कोणतीही भाजी चाखायची नाही, हा नियम सर्वांना सांगा.

पालकांनी करायचे ते एवढेच : सोबत जायचे, मुलाला प्रश्न विचारायचे आणि ठरलेल्या दिवशी नोंद झाली का ते पाहायचे. लिहायचे नाही, चित्र काढायचे नाही, आकडे ‘नीट’ करायचे नाहीत. एखाद्या रविवारची नोंद राहिली तर ती जागा रिकामी ठेवू द्या. अंदाजाने भरलेला आकडा सगळी वही खोटी करतो.

सुरक्षितता आणि लोकांचा मान

नदीवरचे काम पुलावरून किंवा काठावरून, मोठ्या माणसासोबतच करायचे. वीज केंद्रातून सोडलेल्या पाण्यामुळे पात्रातले पाणी ऊन असतानाही वाढू शकते. पावसाळ्यात धबधब्याखाली आणि दरडीच्या उतारावर कोणताही प्रकल्प नको.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेव्हापासून ‘दरडी’ हा विषय शाळांत येतो, आणि तो यायलाच हवा. पण ज्यांची माणसे गेली त्यांना प्रकल्पासाठी त्या रात्रीबद्दल विचारायला मुलांना पाठवू नका. वर्गात त्या वाडीतले किंवा त्यांच्या नात्यातले मूल असेल तर आधी शिक्षकांशी बोला. मुलांना आपल्या गावामागच्या उताराकडे पाहता येईल : झाडे किती, नवी भेग दिसते का, पाणी कुठून झिरपते. धोक्याची सूचना गावात कशी दिली जाते आणि तेव्हा कुठे जायचे, हे ग्रामपंचायतीत विचारता येईल. यातून मिळालेली माहिती गावाच्या उपयोगाची असते.

कोणाचीही मुलाखत घेताना आधी विचारा, फोटो काढण्यापूर्वी पुन्हा विचारा, आणि उत्पन्न, आजार, जात यांविषयी प्रश्न नकोत. वहीत नावाऐवजी ‘विक्रेता १’, ‘विक्रेता २’ असे लिहिले तरी चालते.

माहिती मिळत नसेल तर

सरकारी आकडे लागले, समजा नळपाणी योजनेचा खर्च किंवा विहिरींची यादी, तर प्रथम ग्रामपंचायतीत जाऊन तोंडी विचारा. मुलांना बहुधा कोणी नाही म्हणत नाही. नकार मिळाला तर माहितीचा अधिकार कायदा २००५ खाली पालकांनी आपल्या नावाने अर्ज करावा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना तेही नाही, आणि उत्तर साधारणपणे ३० दिवसांत द्यावे लागते. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची सक्ती नाही. हे ३० दिवस आधीच हिशेबात धरा, सादरीकरणाच्या आठवड्यात अर्ज करून उपयोग नाही.

वर्गासमोर बोलताना

मुले घाबरतात ती बहुधा दुसऱ्याचे वाक्य विसरण्याच्या धास्तीने. स्वतः मोजलेले कोणी विसरत नाही, म्हणून पाठांतर करून घेऊ नका. पाच मिनिटे पुरतात. एक मिनिट प्रश्न आणि तो का निवडला यासाठी, दोन मिनिटे कसे केले आणि काय अडले यासाठी, उरलेली आढळले त्यासाठी. तक्ता एकच असावा, मागच्या बाकावरून वाचता येईल अशा अक्षरात, आणि त्यावर वाक्यांऐवजी आकडे किंवा स्तंभालेख. मग वर्गाने प्रश्न विचारावेत. ‘ते आम्ही मोजलं नाही’ हे उत्तर पूर्ण गुणांचे आहे, हे शिक्षकांनी आधीच जाहीर केले तर वर्गातले वातावरण बदलते. गटाने काम केले असेल तर प्रत्येकाने आपण केलेला भाग स्वतः सांगावा. बोलके मूल सगळे सांगते आणि मोजणारे मूल फक्त तक्ता धरून उभे राहते, हे अन्यायाचे आहे.

मूल घरी आगरी, ठाकरी किंवा कातकरी बोलत असेल तर त्याला त्याच बोलीत सुरुवात करू द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येच शक्य तोवर मातृभाषेतून शिकवण्याची आणि मुलाला भय व ताण यांपासून मुक्त ठेवण्याची तरतूद आहे. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते. अडखळणाऱ्या मुलाची वर्गासमोर टर उडवली जात असेल, किंवा महागडे साहित्य आणले नाही म्हणून त्याला बाहेर उभे केले जात असेल, तर आधी वर्गशिक्षकांशी, मग मुख्याध्यापकांशी बोला. तरीही फरक पडला नाही तर शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी द्या. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या या समितीत बहुसंख्य सदस्य पालकच असतात.

काम चांगले झाले असेल तर ते वर्गापुरते ठेवू नका. तालुका विज्ञान प्रदर्शन आहे, सहावीपासूनच्या मुलांसाठी इन्स्पायर अवॉर्ड मानक आहे, आणि सहावी व नववीसाठी मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. तिच्या शेवटच्या टप्प्यात मुलांना स्वतः केलेला कृती प्रकल्पच मांडावा लागतो. स्पर्धेत जायचे नसले तरी वही रद्दीत टाकू नका. शाळेच्या वाचनालयात ठेवायला सांगा आणि पहिल्या पानावर वर्ष, जागा आणि विचारलेल्या प्रश्नांची यादी स्पष्ट लिहा, म्हणजे पुढच्या कार्तिकी एकादशीला सातवीत असणारी मुले तेच प्रश्न पुन्हा विचारून त्या वर्षीचे आकडे शेजारच्या रकान्यात भरू शकतील.